हॅलो हे नाव नसतं

माझ्या बायकोचं नाव द्वारकाबाई. लिहायला मला काही वाटत नाही. पण तोंडानं हे नाव मी एकदाच घेतलं, लग्नात उखाणा घेताना. त्यानंतर आम्ही कधी एकमेकांचं नाव घेतलं नाही. आमच्याकडं तशीच रीत आहे. ती मला 'अवो' म्हणायची, मी तिला 'अगं' म्हणायचो. घरात एवढं पुरतं, रानात पुरत नाही. आमच्या गावात, वरकुट्यात, उसाच्या कडेनं एखादीनं 'अवो' अशी हाक मारली की आजूबाजूच्या सगळ्या बांधांवरचे नवरे मान वर करतात.

मग मोबाईल आले. आमच्या रविराजला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली. पहिल्या पगारात त्यानं दोन साधे फोन आणले, एक तिला आणि एक मला. फोनवर नाव घ्यावं लागत नाही. ती 'हॅलो' म्हणायची, मी 'हॅलो' म्हणायचो, की बोलणं सुरू. तिला हे फार सोयीचं वाटलं. पुढं पुढं फोन हातात नसला तरी ती मला 'हॅलो' म्हणायला लागली. गोठ्यातून हाक यायची, 'हॅलोऽऽ', शेवटी लांबवलेली आणि वर चढवलेली. मी जिथं असेन तिथून 'हॅलो' म्हणायचो. म्हणजे आलो.

शेजारचा कुंडलिक याची फार चेष्टा करायचा.

"तात्या, रेंज आली बगा तुमची."

ती त्याला सोडायची नाही. "भावजी, तुमच्या घरात तर टावरच न्हाय. कोण हाक मारतंय तुमाला?"

कुंडलिकची बायको भिंतीपलीकडून हसायची.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. रविराज सुट्टीला आलेला होता. त्यानं तिला गाडीत घालून बारामतीला नेलं. मीही निघालो होतो, पण तीच नको म्हणाली. आमची गाय, मोना, नुकती व्यालेली होती.

"तुमी हितं थांबा," ती म्हणाली. "मोनाकडं बगा."

दुपारी मी विहिरीवर होतो. फोन वाजला. फोनवर 'आई' असं आलं. रविराजनंच सगळे नंबर भरून दिलेत, त्यामुळं माझ्या फोनमध्ये माझी बायको 'आई' आहे. मी म्हणालो, "हॅलो." पलीकडून कोणी बोललं नाही. मी परत म्हणालो, "हॅलो." मग रविराजचा आवाज आला. "आबा." त्याच्या फोनची बॅटरी उतरली होती, म्हणून त्यानं तिच्या फोनवरून लावला होता.

तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडातून येत नाही. मी तसं ठरवलेलं नाही. फोन वाजतो, मी बटण दाबतो, कानाला लावतो आणि गप्प राहतो. पलीकडचं माणूस हॅलो हॅलो करतं. काही जण ठेवून देतात. काही जणांना माझा श्वास ऐकू येतो, ते बोलतात.

"तात्या, तुमाला फोन करायचा म्हंजी कोरड्या हिरीत वरडल्यावानी हाय," कुंडलिक एकदा म्हणाला. मग त्यालाच कसंतरी झालं, आणि पुन्हा तो फोन करायच्या ऐवजी भिंतीवरून हाक मारायला लागला.

तेरावं झाल्यावर रविराज मला बारामतीला घेऊन गेला. मोनाची धार त्या दिवसापासून कुंडलिकच काढत होता, पुढंही ते काम त्यानंच घेतलं. रविराजचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथं मी खुर्चीवर बसायचो. प्रतिक्षा, आमची सून, ताट आणून द्यायची, मी जेवायचो. भाजी कसली होती असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

नात, छकुली, दुसरीत आहे, इंग्रजी शाळेत. एका संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. रडकुंडीला आलेली.

"आबा, आजी तुम्हाला हॅलो म्हणायची ना?"

"व्हय."

"मग टीचरनी चूक का दिली?"

त्यांना वर्गात एकेका शब्दाचा अर्थ आणि वापर शिकवतात. त्या दिवशी हॅलो होता. छकुलीनं मला वहीतलं वाचून अर्थ सांगितला. कोणी भेटलं की हॅलो म्हणायचं. फोन उचलला की म्हणायचं. कोणाचं आपल्याकडं लक्ष नसेल तर म्हणायचं. त्यावरून वाक्यं करायची होती. सगळ्या वाक्यांवर बरोबरची खूण होती, शेवटच्यावर लाल फुली. शेवटचं तिनं आमच्यावर केलं होतं. माय ग्रँडमदर कॉल्स माय ग्रँडफादर हॅलो. टीचरनी खाली लिहिलं होतं, हॅलो हे नाव नसतं.

"आणि तुम्ही आजीला काय म्हणायचा?"

"हॅलोच."

"दोघांचं एकच?"

"व्हय."

"मग कोण कोणाला बोलावतंय ते कसं कळायचं?"

"दोघंच तर हुतो."

तिनं थोडा विचार केला. तिला ते पटलं असावं. म्हणाली, "आजी कशी म्हणायची ते म्हणून दाखवा ना."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. छकुली वाट बघत उभी राहिली, आणि मग तिनंच म्हणून दाखवलं. "हॅलोऽऽ." शेवटी तसंच लांबवून, तसंच वर चढवून. दर सुट्टीत ती ऐकत आलेली होती.

प्रतिक्षा हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. मागं तव्यावर पोळी करपत होती.

"छकुली, आबांना त्रास देऊ नकोस."

"न्हाय, त्रास न्हाय," मी म्हणालो. "टीचर सांगतात तसं लिही, बाळा."

तिनं ते वाक्य खोडरबरनं पुसलं. पुसलं तरी कागदावर वळ राहिलाच.

चार-सहा दिवसांनी कुंडलिकचा रविराजला फोन आला. मोना पान्हा सोडत नव्हती. गाईच्या मनात नसलं की ती दूध वर ओढून धरते, कासेत असूनही देत नाही. आम्ही त्याला दूध चोरणं म्हणतो. पहिल्यांदा कुंडलिकला वाटलं, धार काढणारा नवा म्हणून करत असेल, सवय होईल. पण दिवसेंदिवस दूध कमी येत गेलं आणि कास कडक व्हायला लागली.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं इंदापूरला आलो आणि तिथून जीपनं गावी. मोना दावणीला उभी होती. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, मग गव्हाणीत तोंड घातलं.

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी सड दाबून बघितले, ताप बघितला. "अजून कासेला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "पण दूध असंच आत राहिलं तर कासेला दगडी रोग होईल. मग सड जातील. हिला रोज इंजेक्शनवर दूध सोडायला लावणं काही खरं नाही. तिच्या सवयीचं माणूस बघा."

सवयीचं माणूस मीच होतो, राहिलेलं. पण मी धार कधी काढली नव्हती. ती बसायची, मी पेंड आणून द्यायचो. वाटणी तशीच होती.

मी बसून बघितलं. सरकी पेंड भिजवून आधीच मोनापुढं ठेवली, कास कोमट पाण्यानं धुतली, हात लावला. तांब्याभर आलं आणि थांबलं. वासरू सोडून बघितलं. पण वासराला आम्ही पहिल्यापासून बाटलीनं पाजतो, कासेला लावतच नाही. मोनानं त्याला लाथ मारली.

माझी चुलत बहीण रंगूबाई मागच्याच आळीत राहते. थोरली आहे, आम्ही तिला आक्का म्हणतो. ती आली, घरात गेली आणि द्वारकाबाईचं हिरवं लुगडं घेऊन आली.

"हे गुंडाळ अंगाला. जनावर वासावर असतंय. तिला कळू दे आपलं माणूस हाय."

आमच्याकडं असं करतात. माणूस बदललं की जुन्या माणसाचं कापड पांघरून धार काढतात. मी लुगडं अंगाभोवती घेतलं आणि बसलो.

कुंडलिक दारात उभा होता. "तात्या, पदर सावरा. बादलीत जाईल."

"हसतोस काय मुडद्या," आक्का म्हणाली. "तुजी म्हस आटली तवा तू बायकूचा परकर घालून बसलावतास. आख्ख्या गावानं बगितलंय."

"आक्का, त्यो परकर न्हवता, टावेल हुता."

"टावेलाला नाडी असती व्हय रं?"

दोघं हसले. मलाही हसायला हवं होतं, तसा प्रसंग होता. मोनानं लुगडं हुंगलं. मग पदर चाटायला लागली, ओला होईपर्यंत चाटत राहिली. दूध तांब्याभरच आलं. आक्कानं लुगडं धुऊन अंगणात तारेवर टाकलं. ते वाळलं तरी मी काढलं नाही.

रविराजचा फोन आला. मी बटण दाबून गप्प राहिलो.

"आबा, ऐका," तो म्हणाला. त्याला आता सवय झाली होती. "इंदापूरच्या सिद्धू व्यापाऱ्याशी बोललोय. गुरुवारी संध्याकाळी टेम्पो घेऊन येईल. गाईचे सड गेले तर कोण हात लावणार नाही तिला. आत्ताच गेलेली बरी. आणि मोना गेली की तुम्ही तिथं एकटं कशासाठी राहायचं? घराला कुलूप लावू. सणाला येत जाऊ."

तो चुकीचं बोलत नव्हता. दिवसभर एमआयडीसीत दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात उभा राहून त्याचे पाय सुजतात, तरी तो रोज रात्री माझी चौकशी करतो. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर मी बघितलं, मला वाईट वाटतंय का. तसं काही वाटत नव्हतं. फक्त तिचं बोलणं डोक्यात होतं. तुमी हितं थांबा, मोनाकडं बगा. तिनं मला सांगितलेलं ते शेवटचं. मोना टेम्पोत चढली की हितं थांबायचं कारण संपणार होतं.

गुरुवारी सकाळी मी नेहमीसारखा धारेला बसलो. सवय म्हणून. हात ओले होते आणि खिशात फोन वाजायला लागला. आज सिद्धू येणार म्हणून रविराजच करत असणार. कोपरानं फोन बाहेर काढला, खिडकीत ठेवला आणि बोटाच्या मागच्या बाजूनं बटण दाबलं. कानाला लावता येत नव्हता म्हणून स्पीकर चालू केला.

"हॅलो? आबा? हॅलो?"

मोनानं कान हलवला.

"आबा, आहात ना? छकुलीला बोलायचंय. शाळेची गाडी यायचीय, एकच मिनिट."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग छकुली ओरडली. घरात लहान मुलं ओरडतात तशी नाही, तर मला तिकडून वरकुट्यात ऐकू यायला पाहिजे अशी.

"हॅलोऽऽ!"

मोनानं मान वर केली आणि दाराकडं बघितलं. मीही बघितलं. दारात ऊन होतं.

मी परत कासेकडं वळलो तर सड भरून आले होते. हात लावायच्या आत एका सडातून थेंब गळायला लागला. मी बादली सरकवली. धार लागली, आणि लागून राहिली. पत्र्याची बादली वाजत होती, मग फेस आल्यावर तिचा आवाज मऊ झाला.

"आबा, कसला आवाज येतोय?" छकुली विचारत होती. "आबा, मी चित्र काढलंय मोनाचं. आबा? पप्पा, आबा बोलतच नाहीत."

रविराजनं फोन घेतला, दोनदा आबा आबा म्हणाला आणि ठेवला.

दूध काढून झाल्यावर मी तिथंच बसून राहिलो. द्वारकाबाईची पद्धत मला पाठ होती, पण मी ती कधी आठवून बघितली नव्हती. कास धुवायची. बसायची. मग हाक मारायची, 'हॅलोऽऽ'. मी पेंडीची बादली आणून मोनापुढं ठेवायचो. मग ती धार काढायची. सकाळी आणि संध्याकाळी, मोना पहिल्यांदा व्याली तेव्हापासून. आम्ही वास शोधत बसलो होतो, लुगडं गुंडाळत होतो. मोनाला पेंडही मिळत होती. पण हाक आली नव्हती, म्हणून तिच्या लेखी धारेची वेळच झाली नव्हती.

रविराजला फोन करून सांगावं असं वाटलं. पण काय सांगणार होतो? छकुलीला रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर ओरडायला लाव, असं?

संध्याकाळी सिद्धू आला. टेम्पो रस्त्यावर उभा केला. गडी फळी लावायला लागला. कुंडलिक आणि आक्काही आले.

"गाय नंबरी हाय," सिद्धू मोनाभोवती फिरून म्हणाला. "पर रविराज म्हणतोय दूध चोरती. मला समोर काढून दावा, तात्या. मला पुढं गिऱ्हाइकाला सांगावं लागतंय. त्यो मला इचारंल, दूध काय शिंगातनं काढायचं का?"

"सकाळी दिलंय तिनं," मी म्हणालो.

"किती?"

"बादली."

कुंडलिक आणि आक्कानं एकमेकांकडं बघितलं. आक्का हळू म्हणाली, "रामहरी, सकाळचं ते कालचं साठल्यालं आसंल रं." तिला वाटलं असणार, मी मनचं सांगतोय.

मी कास धुतली आणि बसलो. पेंडीची बादली मुद्दाम बाहेर ओट्यावर ठेवली होती, नेहमी असायची तिथंच. हात लावला. एक धार, दोन धारा, आणि थांबलं. मोना शेपूट हलवत उभी राहिली.

"सोडा, तात्या," सिद्धू म्हणाला. "कशाला जनावराला तरास."

तो दावं सोडायला पुढं झाला. मी म्हणालो, "थांब जरा."

सगळे थांबले. मी घसा साफ केला. म्हणालो, "हॅलो."

ते अगदी हळू आलं, फोनवर म्हणतात तसं. मोनानं काहीच केलं नाही. सिद्धूनं माझ्या कानाकडं बघितलं, फोन आहे का म्हणून. फोन नव्हता.

मग मी दाराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणालो. तिच्यासारखं. शेवटी लांबवून आणि वर चढवून.

"हॅलोऽऽ!"

माझा आवाज घोगरा आहे, वर चढताना तो फाटला. कुंडलिकनं हसायला तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटून घेतलं. आक्कानं पदर तोंडाला लावला. हाकेनंतर नेहमी एक जागा असायची, दुसऱ्यानं हॅलो म्हणायची. ती जागा आली आणि कोणी काही म्हणालं नाही. ती तशीच गेली.

मोना दाराकडं बघत होती. मग तिनं मान खाली घातली, आणि पेंड आलेली नाही हे बघून परत माझ्याकडं बघितलं. हातातले सड भरत होते.

"कुंडलिक," मी म्हणालो, "वट्यावरची बादली दे हिच्यापुडं."

त्यानं दिली. मी धार काढली. बादली भरत आली तेव्हा सिद्धूनं खिशातून तंबाखू काढली, मळली, पण खाल्ली नाही.

"तात्या, हाक कुणाला मारली?" त्यानं विचारलं.

"कुणाला न्हाय."

"मग ही देतीय की दूध."

"व्हय."

"म्हंजी इकायची न्हाय म्हणा."

"न्हाय."

"आन् माझं डिझेल?"

"च्या पिऊन जा," कुंडलिक म्हणाला. "आमच्या घरात बी टावर हाय."

सिद्धूला ते कळलं नाही. गड्यानं फळी काढून परत टेम्पोत टाकली.

रविराजला रात्री मी स्वतः फोन केला. मोना ठेवली म्हणून सांगितलं, इथंच राहतो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पण आबा, निदान फोनवर तरी हॅलो म्हणत जा. मला तुमची काळजी वाटते."

मी म्हणालो, "बोललो की आता." फोनवर मी अजूनही म्हणत नाही.

गोठ्यात म्हणतो. कुंडलिकला रोज दोन वेळा बोलवायचं बरं दिसत नाही, त्यामुळं सगळं मलाच करावं लागतं. सकाळी कास धुतो, बसतो, दाराकडं तोंड करून हाक मारतो. थोडा थांबतो. मग उठतो, ओट्यावर जातो, पेंडीची बादली आणून मोनापुढं ठेवतो आणि परत येऊन बसतो.